मागच्या गाडीचा ब्रेक

गाडी ओढणे आणि ओढलेली गाडी थांबविणे ही दोन निराळी कामे आहेत. ओढताना दोन गाड्यांमधला जोड ताणलेला असतो. पुढची गाडी मंदावली की तोच जोड दाबला जातो, आणि आतापर्यंत निमूटपणे मागून येणारी गाडी पुढच्या गाडीला ढकलू लागते. उतारावरची बैलगाडी ज्याने पाहिली असेल, त्याला ही गोष्ट नवी वाटणार नाही. चढावर बैल गाडीला ओढतात आणि उतारावर गाडी बैलांना ढकलते; म्हणून समंजस गाडीवान उतार लागताच खाली उतरतो आणि गाडी मागे रेटून धरतो.

बैलांच्या जागी इंजिन आले, वेग दसपटीने वाढला, ओझे शेकडो पटीने वाढले. पण अडचण तीच राहिली. आज एसयूव्ही या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दणकट मोटारीमागे प्रवासी घर, नाव, घोड्यांची गाडी किंवा सामानाचा ट्रेलर जोडला जातो. अशा ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतात, आणि ते चालकाच्या पायाच्या हुकमात ठेवण्यासाठी मोटारीत एक लहानसे उपकरण बसवितात. त्याला ब्रेक कंट्रोलर किंवा ब्रेक-नियंत्रक म्हणतात. हे उपकरण कोणते काम करते, त्याच्या तारा कोठून कोठे जातात आणि त्या तशाच का जाव्या लागतात, हे या लेखात पाहावयाचे आहे. परंतु तत्पूर्वी, मागच्या गाडीच्या ब्रेकाचा प्रश्न माणसाने प्रथम जेथे मोठ्या प्रमाणावर सोडविला, त्या आगगाडीकडे वळणे उपयुक्त ठरेल.

घाटातला धडा

मुंबई ते ठाणे ही भारतातील पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. त्यानंतर दहा वर्षांनी, १८६३ मध्ये, बोरघाटातून लोहमार्ग खुला झाला आणि कोकण व देश हे रुळांनी जोडले गेले. सुमारे २५ किलोमीटर लांबीच्या या चढणीत मार्ग सुमारे ५५८ मीटर वर चढतो. काही ठिकाणी चढ सदतिसास एक इतका तीव्र होता. म्हणजे सदतीस मीटर पुढे गेले की एक मीटर वर.

चढण्यासाठी जादा इंजिन जोडता येते. उतरण्याचे तसे नाही. सदतिसास एक या उतारावर २०० टन वजनाची गाडी उभी केली, तर तिच्या वजनाचा सदतिसावा भाग, म्हणजे जवळजवळ साडेपाच टनांचा जोर, तिला अखंड खाली खेचत असतो. त्या काळी प्रत्येक डब्याला चालकाच्या हुकमातला ब्रेक नव्हता. इंजिनाला ब्रेक असे, आणि काही डब्यांत बसलेले गार्ड शिटीची खूण ऐकून हाताने चाक फिरवून ब्रेक आवळीत. शिटी कानी पडावयाची, मग हात चाकाकडे जावयाचा, मग ब्रेक लागावयाचा. तेवढ्या वेळात गाडी बरेच अंतर खाली जाई.

म्हणून घाटात मुख्य मार्गाला फुटणारे आडमार्ग बांधण्यात आले. हे आडमार्ग खाली न जाता वर चढतात. उतरणाऱ्या गाडीसाठी सांधा एरवी आडमार्गाकडेच वळविलेला असतो. गाडी आवरलेली आहे अशी खात्री पटल्यावरच तो मुख्य मार्गाकडे फिरवावयाचा. सुटलेली गाडी आपोआप आडमार्गावर चढते आणि चढावर तिचा वेग संपतो. येथे एक महत्त्वाचे तत्त्व दृष्टीस पडते. माणसाने काहीच केले नाही, तर यंत्रणेने कोणत्या बाजूस कलावे? तिने सुरक्षिततेच्या बाजूस कलावे, असे घाटातल्या सांध्याचे उत्तर आहे.

हेच तत्त्व ब्रेकामध्ये उतरविण्याचे श्रेय अमेरिकेतील जॉर्ज वेस्टिंगहाउस याच्याकडे जाते. १८६९ मध्ये त्याने दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या ब्रेकाचे पेटंट घेतले. इंजिनावरची हवा नळीतून प्रत्येक डब्याकडे जाई आणि ब्रेक लावी. कल्पना उत्तम होती. परंतु नळी फुटली किंवा डबे सुटले की हवा निघून जाई, आणि जेव्हा ब्रेकाची सर्वांत अधिक गरज, नेमका तेव्हाच तो नाहीसा होई. १८७२ मध्ये त्याने योजना उलटी केली. प्रत्येक डब्याला हवेची स्वतंत्र टाकी दिली आणि नळीतला दाब कायम राखला. दाब आहे तोवर ब्रेक सुटलेला. दाब घटला की डब्यावरच्या टाकीतील हवा ब्रेक लावते. आता नळी तुटणे हाच ब्रेक लावण्याचा हुकूम ठरला.

हा फरक किती मोलाचा आहे, हे जगाला १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा येथे कळले. रविवारच्या धर्मशाळेतील मुलांना सहलीला नेणारी एक भरगच्च गाडी चढावर अडकली. पुढचे डबे आधी पोचवून यावे या विचाराने गाडीचे दोन भाग करण्यात आले. त्या गाडीचे ब्रेक स्वयंचलित नव्हते. डबे इंजिनापासून सुटताच ते निरुपयोगी झाले, आणि मागचे डबे केवळ एका हातब्रेकावर व चाकांखाली ठेवलेल्या दगडांवर उभे राहिले. पुढच्या भागाचा हलकासा धक्का बसताच दगड चिरडले, डबे उतारावरून मागे धावत सुटले आणि पाठोपाठ येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० माणसे मृत्यू पावली. त्यांत मुले पुष्कळ होती. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने प्रवासी गाड्यांना सर्व डब्यांवर चालणारा स्वयंचलित ब्रेक सक्तीचा केला.

लोहमार्गाच्या या अनुभवातून तीन नियम निघतात. पहिला, मागच्या गाडीला स्वतःचा ब्रेक असावा आणि तो पुढच्या ब्रेकाबरोबरच लागावा. दुसरा, तो प्रमाणात लागावा. कमीही नव्हे, अधिकही नव्हे. तिसरा, जोड तुटला तरी तो लागलाच पाहिजे. पुढील सर्व विवेचन या तीन नियमांच्या आधारेच समजावून घ्यावयाचे आहे.

रेल्वेकडून रस्त्याकडे

धुळे, जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर, भंडारा ही शहरे ओलांडून राष्ट्रीय महामार्ग ५३ पूर्वेकडे छत्तीसगडात शिरतो आणि दुर्ग व भिलाई या जोडशहरांतून पुढे रायपूरकडे जातो. भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले, आणि भारतीय रेल्वेला रूळ पुरविणारा कारखाना म्हणून तो प्रसिद्धीस आला. या परिसरात पोलाद वाहणारे लांबलचक ट्रेलर नित्य दिसतात. मोहन नगरसारख्या वस्तीत राहणाऱ्या विद्यार्थ्याने असा एखादा ट्रेलर उभा असताना पाहावा. पुढचा ओढणारा भाग आणि मागचा ट्रेलर यांच्यामध्ये त्याला वेटोळे घातलेल्या नळ्या लोंबताना दिसतील. त्या हवेच्या ब्रेकाच्या नळ्या होत. एक नळी ट्रेलरच्या टाकीला हवा पुरविते आणि दुसरी चालकाचा हुकूम पोचविते. पुरवठ्याची नळी तुटली तर ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. वेस्टिंगहाउसचे तत्त्व रुळांवरून रस्त्यावर आले ते असे.

परंतु एसयूव्हीमध्ये हवा दाबणारे यंत्र नसते. तिचे ब्रेक तेलाच्या दाबावर चालतात, आणि ते तेल मागच्या ट्रेलरपर्यंत नेणे धोक्याचे असते. कारण ट्रेलरकडील एक गळती मोटारीचाही ब्रेक निकामी करू शकते. म्हणून लहान ट्रेलरांसाठी दोन निराळ्या युक्त्या रूढ झाल्या. युरोपात ३,५०० किलोपर्यंतच्या ट्रेलरांना बहुधा धक्क्याने लागणारा ब्रेक असतो. पुढची गाडी मंदावली की ट्रेलरचा दांडा जोडावर दाबला जातो आणि तोच दाब ट्रेलरचे ब्रेक ओढतो. अमेरिकेत व ऑस्ट्रेलियात विजेचा ब्रेक अधिक प्रचारात आहे. ब्रेक-नियंत्रक लागतो तो या दुसऱ्या प्रकाराला.

थोडे गणित

स्वतःचा ब्रेक नसलेला ट्रेलर किती अडचण करतो, हे आकड्यांनी पाहू. मोटारीचे वजन २,००० किलो, ट्रेलरचे १,५०० किलो आणि वेग ताशी ६० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर, असे समजा. जोराचा ब्रेक लावला असता एकटी मोटार आपला वेग दर सेकंदाला ६ मीटरने कमी करू शकते असे धरले, तर ती सुमारे २३ मीटरांत थांबेल.

आता मागे ब्रेक नसलेला ट्रेलर आहे. थांबविणारा जोर तितकाच. परंतु थांबवावयाचे वस्तुमान ३,५०० किलो झाले. वेग आता दर सेकंदाला सुमारे ३.४ मीटरने कमी होईल आणि थांबण्यास ४० मीटरांहून थोडे अधिक अंतर लागेल. वाढलेले हे १७ मीटर म्हणजे शाळेसमोरचा रस्ता ओलांडणाऱ्या मुलाच्या जीवनमरणाचे अंतर होय. चालकाने धोका ओळखून पाय हलवीपर्यंत गाडी जे अंतर कापते, ते यात धरलेलेही नाही.

याखेरीज आणखी एक संकट असते. या अवस्थेत ट्रेलर मोटारीला ५२० किलो वजनाइतक्या जोराने मागून ढकलत असतो. रस्ता सरळ असेल तर हा जोर सरळ पुढे लागतो. वळणावर मात्र तो मोटारीच्या मागील भागाला बाजूस लोटतो. रस्ता ओला असला, तर मोटार व ट्रेलर यांची खिशातील चाकूसारखी घडी पडते. वेग दुप्पट झाला तर थांबविण्याची ऊर्जा चौपट होते, हे तर सर्वांना ठाऊक आहेच.

विजेचा ब्रेक कसा चालतो

ट्रेलरच्या चाकात एक पोलादी ड्रम चाकाबरोबर फिरत असतो. आत दोन अर्धगोलाकार ब्रेक-शू असतात. एका तरफेच्या टोकाला बसविलेला विद्युच्चुंबक ड्रमच्या आतील सपाट पृष्ठभागाला हलकासा टेकलेला असतो. तारेतून वीज आली की चुंबक फिरत्या पृष्ठभागाला चिकटू पाहतो आणि त्याच्याबरोबर थोडा ओढला जातो. तो ओढला गेला की तरफ कलते, शू पसरतात आणि ड्रमवर घासून चाक मंदावते. ब्रेक लावण्याचे खरे श्रम फिरते चाकच करते; वीज केवळ त्याला चिकटण्याची आज्ञा देते. म्हणूनच एवढ्या थोड्या विजेत हे काम भागते. नेहमीच्या आकाराच्या एका चुंबकाला १२ व्होल्टच्या दाबाखाली सुमारे ३ अँपिअर प्रवाह लागतो. दोन आसांच्या ट्रेलरला चार चाके, म्हणजे चार चुंबक आणि एकूण सुमारे १२ अँपिअर.

ही क्रिया शाळेत दाखविता येते. मोठ्या लोखंडी खिळ्यावर लाखेचे आवरण असलेल्या तांब्याच्या तारेचे शे-दीडशे वेढे द्यावेत आणि दोन घटांच्या बॅटरीला जोडावेत. लोखंडी पत्र्याचे गोल झाकण मधोमध आसावर फिरते ठेवून खिळ्याचे टोक त्याला टेकवावे. प्रवाह सुरू करताच झाकण मंदावते आणि खिळा झाकणाच्या दिशेने ओढला जातो. प्रयोग काही सेकंदांपुरताच करावा, कारण तार लवकर तापते.

नियंत्रकाचे कार्य

पायाने ब्रेक किती दाबला यावर चुंबकाला द्यावयाची वीज अवलंबून असली पाहिजे. नियंत्रक हेच ठरवितो. तो विजेचा दाब नळाच्या चावीप्रमाणे कमी करीत नाही. तो प्रवाह सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतो. एकूण वेळेपैकी निम्मा वेळ प्रवाह चालू राहिला तर चुंबकाला सरासरी ६ व्होल्ट मिळाल्यासारखे होते. पाऊण वेळ चालू राहिला तर ९ व्होल्ट.

नियंत्रकांचे दोन प्रमुख प्रकार आहेत. पहिला कालावर चालतो. ब्रेकचा दिवा लागला की तो ठरावीक गतीने वीज वाढवीत जातो. चालकाने पाय हलका ठेवला आहे की जोरात दाबला आहे, हे त्याला कळत नाही. दुसरा प्रमाणशीर. त्याच्या आत वेगातील घट ओळखणारा भाग असतो. बस थांबताना उभे प्रवासी पुढे झुकतात. तीव्र ब्रेक लागला तर अधिक झुकतात. या नियंत्रकातील जाणकार भागही त्याच जडत्वाच्या नियमाने मोटार किती झपाट्याने मंदावते आहे हे जाणतो आणि त्या प्रमाणात ट्रेलरला वीज सोडतो. वर सांगितलेला दुसरा नियम पाळण्यास हा प्रकार अधिक योग्य आहे.

दोन्ही प्रकारांत हाताने सरकविण्याची एक कळ असते. तिने मोटारीचा ब्रेक न लावता एकट्या ट्रेलरचा ब्रेक लावता येतो. ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे हेलकावू लागला असता मोटारीचा ब्रेक दाबल्यास हेलकावे वाढण्याचा धोका असतो. एकट्या ट्रेलरचा ब्रेक हलके लावल्यास जोड ताणला जातो आणि गाडी सरळ होते. ताणलेली दोरी सरळ राहते, तसेच हे आहे.

चार तारा

नियंत्रकातून सामान्यतः चार तारा बाहेर पडतात. त्यांचे प्रचलित रंग काळा, पांढरा, लाल आणि निळा. तथापि रंगावर विसंबून न राहता उत्पादकाची पुस्तिका पाहावी आणि मल्टिमीटरने खात्री करून घ्यावी. कामास हात घालण्यापूर्वी बॅटरीच्या ऋण टोकाची तार सोडावी आणि ती सर्वांत शेवटी जोडावी.

काळी तार बॅटरीच्या धन टोकाकडून शक्ती आणते. तिच्या मार्गात, बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ, सर्किट ब्रेकर बसवावा. चार चाकांपर्यंतच्या ट्रेलरला २० अँपिअरचा आणि सहा चाकांच्या ट्रेलरला ३० अँपिअरचा. जवळ का, याचे कारण उघड आहे. बॅटरी आणि सर्किट ब्रेकर यांच्यामधील तार कोठे पत्र्याला चिकटली, तर तिला कोणतेच संरक्षण नसते; म्हणून तो तुकडा आखूड असावा. साध्या फ्यूजऐवजी आपोआप पूर्ववत होणारा सर्किट ब्रेकर पसंत करतात. फ्यूज एकदा जळला की ट्रेलर उरलेल्या प्रवासात ब्रेकाविना राहतो.

पांढरी तार अर्थिंगची. ती डॅशबोर्डखालच्या एखाद्या जवळच्या स्क्रूला न बांधता सरळ बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत न्यावी. प्रवाहाला परतीची वाट चांगली नसेल तर जाण्याची वाट कितीही चांगली असून उपयोग नाही. रंग आणि गंज यांतून जाणारी अर्थिंग कोरड्या दिवशी चालते आणि पावसाळ्यात दगा देते.

लाल तार ब्रेक-दिव्याच्या स्विचला जोडतात. पाय ब्रेकवर पडला हे नियंत्रकाला या तारेने कळते. या स्विचला दोन बाजू असतात. एका बाजूला वीज नेहमीच असते. दुसरीवर ती पाय दाबल्यावरच येते. लाल तार दुसऱ्या बाजूला जोडावयाची. ती चुकून पहिलीला जोडली, तर ब्रेक सदैव दाबलेलाच आहे असे नियंत्रकाला वाटेल. येथे एक इशारा देणे अवश्य आहे. आजच्या बऱ्याच मोटारींत दिवे व ब्रेक यांचा कारभार संगणक पाहतो. अशा मोटारीत कोणतीही तार सोलून जोड देण्याआधी त्या मोटारीची तारांची आकृती पाहिली पाहिजे. हवेच्या पिशव्यांच्या तारांना तर हातही लावू नये.

निळी तार ही या सर्वांची फलश्रुती होय. चुंबकांकडे जाणारी वीज तीच वाहून नेते. ती इंजिन किंवा तळाच्या बाजूने मोटारीच्या मागील प्लगपर्यंत जाते. युरोपीय पद्धतीच्या जुन्या सात खुंट्यांच्या प्लगात सर्व खुंट्या दिव्यांनी व अर्थिंगने व्यापलेल्या असतात. विजेच्या ब्रेकासाठी जागा उरत नाही. तेथे निराळा प्लग योजावा लागतो. सात खुंट्यांचे सर्व प्लग सारखेच असतात, हा समज घातक आहे.

तारेची जाडी

तार पातळ निवडण्याचा मोह अनेकांना होतो. तो का आवरावा, हे ओमच्या नियमाने सांगता येते. चार चुंबक, प्रत्येकाचा रोध ४ ओम. समांतर जोडले की एकूण रोध १ ओम. १२ व्होल्टला प्रवाह १२ अँपिअर. बॅटरीपासून ट्रेलरच्या चाकापर्यंत ८ मीटर आणि परत ८ मीटर, अशी एकूण १६ मीटर तांब्याची तार धरू. तिचे छेदक्षेत्र १ चौरस मिलिमीटर असल्यास तारेचा रोध सुमारे ०.२८ ओम होतो, आणि प्रवाह घटून ९.४ अँपिअर उरतो. म्हणजे ब्रेकाच्या विजेपैकी पाचव्या हिश्शाहून अधिक तारेनेच खाल्ली. तीच तार ४ चौरस मिलिमीटरची घेतली तर रोध ०.०७ ओम आणि प्रवाह ११.२ अँपिअर. तारेची किंमत थोडी वाढली. पण ब्रेकाची ताकद शाबूत राहिली.

तारांच्या टोकांना योग्य मापाची थिंबल दाबून बसवावीत. नुसता पीळ देऊन वर चिकटपट्टी गुंडाळू नये. पत्र्याच्या भोकातून तार नेताना भोकात रबराची कडी घालावी, नाहीतर पत्र्याची धार हादऱ्यांनी तारेचे आवरण कापते. उष्ण नळ्या व फिरते भाग यांपासून तारा दूर बांधाव्यात. नियंत्रक स्वतः चालकाच्या हाताशी, परंतु गुडघ्याला लागणार नाही असा घट्ट बसवावा. प्रमाणशीर नियंत्रक मोटारीच्या धावण्याच्या दिशेला समांतर आणि पुस्तिकेत दिलेल्या कोनाच्या मर्यादेतच असावा. तो तिरपा बसला तर वेगातील घट त्याला चुकीची कळते.

जुळवणी आणि चाचणी

तारा जोडल्या म्हणजे काम संपले असे नाही. ट्रेलर रिकामा असताना पुरेसा असणारा ब्रेक भरलेल्या ट्रेलरला अपुरा पडतो, म्हणून नियंत्रकावर जोर ठरविण्याचे एक चाक असते. मोकळ्या, सपाट व कोरड्या जागी ताशी सुमारे ४० किलोमीटर वेगाने जाऊन केवळ हातकळीने ट्रेलरचा ब्रेक लावावा. गाडी मंदावली नाही तर जोर वाढवावा. ट्रेलरची चाके जाम होऊन घसरू लागली तर जोर जास्त झाला. तो किंचित उतरवावा. जाम झालेले चाक फिरत्या चाकापेक्षा वाईट थांबविते आणि ट्रेलरला बाजूस घसरू देते. चाके जाम होण्याच्या जरा अलीकडची जागा हीच योग्य. ओझे बदलले की ही जुळवणी पुन्हा करावी.

उभ्या गाडीतही एक सोपी परीक्षा करता येते. मदतनिसाने हातकळ सरकवावी आणि आपण चाकाच्या ड्रमजवळ होकायंत्र धरावे. चुंबकात वीज येत असेल तर सुई हलते. ज्या चाकापाशी ती हलत नाही, त्याची तार तपासावी.

जोड तुटला तर?

आता तिसरा नियम. हवेच्या ब्रेकात हवा गेली की ब्रेक लागतो. विजेच्या ब्रेकात उलट आहे. वीज गेली की ब्रेक सुटतो. ट्रेलर निसटला तर तारही तुटणार, आणि वेस्टिंगहाउसच्या पहिल्या योजनेतील दोष येथे पुन्हा डोके वर काढतो. त्यावरचा उपायही त्यानेच दाखविलेला आहे: मागच्या गाडीला शक्तीचा स्वतःचा साठा द्यावा. म्हणून ट्रेलरवर एक लहान बॅटरी आणि एक खास स्विच बसवितात. स्विचमध्ये एक खुंटी खोचलेली असते आणि ती बारीक पोलादी दोराने मोटारीला बांधलेली असते. ट्रेलर सुटला की दोर खुंटी उपटतो, स्विच मिटतो आणि ट्रेलरची बॅटरी सर्व ब्रेक लावते. अमेरिकेतील व्यावसायिक वाहनांच्या नियमांप्रमाणे हे ब्रेक निदान १५ मिनिटे लागलेले राहावे लागतात. १२ अँपिअरने १५ मिनिटे म्हणजे ३ अँपिअर-तास; बॅटरी याहून बरीच मोठी व नेहमी भरलेली असावी.

हा दोर सुरक्षा-साखळीला बांधू नये. तो मोटारीच्या पक्क्या भागाला निराळा बांधावा. खुंटी ओढून परीक्षा करताना ट्रेलरचा प्लग मोटारीपासून काढून ठेवावा, एरवी उलट आलेल्या विजेने नियंत्रक बिघडण्याचा संभव असतो. ट्रेलर उभा ठेवण्यासाठीही ही सोय वापरू नये. बॅटरी संपली की ब्रेक सुटतो आणि उतारावरचा ट्रेलर चालू लागतो.

आपल्या रस्त्यांवर

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मोटार वाहनाच्या व्याख्येत ट्रेलरचाही समावेश आहे. ट्रेलर हे कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र वाहन होय. म्हणून ट्रेलर जोडण्याआधी व मोटारीत फेरफार करण्याआधी प्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करावी, आणि मोटारीच्या उत्पादकाने ओढण्याची जी मर्यादा दिली असेल ती ओलांडू नये. चांगला ब्रेक ओढण्याची मर्यादा वाढवीत नाही.

एसयूव्हीमागचा ट्रेलर आपल्याकडे अजून विरळा आहे. परंतु उसाचा हंगाम सुरू झाला की कोल्हापूर, सांगली, सातारा या जिल्ह्यांच्या रस्त्यांवर एका ट्रॅक्टरमागे उसाने शिगोशीग भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या रात्रंदिवस धावतात, आणि त्यांपैकी अनेकींना स्वतःचा ब्रेक नसतो. तेथे दोन ट्रॉल्यांचे सारे ओझे एकट्या ट्रॅक्टरच्या चाकांनी थोपवावयाचे असते. वर केलेले गणित त्या ट्रॉल्यांना लावून पाहावे. ट्रॅक्टर ४ टनांचा आणि भरलेल्या ट्रॉल्या मिळून २० टनांच्या असे समजल्यास, थांबविणारा जोर ४ टनांपुरता आणि थांबवावयाचे वस्तुमान २४ टन. म्हणजे थांबण्याचे अंतर त्याच वेगाच्या एकट्या ट्रॅक्टरच्या सहापट. ट्रॉलीच्या वजनाचा काही भार ट्रॅक्टरच्या मागील चाकांवर येऊन त्यांची पकड थोडी वाढते, हे खरे. पण तेवढ्याने ही तूट भरून निघत नाही. वेग कमी असतो म्हणून बहुधा निभावते. उतार, पूल आणि गावातला चौक या ठिकाणी निभावतेच असे नाही.

तेव्हा मोटार असो, ट्रॅक्टर असो की अवजड ट्रेलर असो, जोड लावण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. मागच्या गाडीला स्वतःचा ब्रेक आहे काय? तो आजच्या ओझ्याच्या प्रमाणात जुळविलेला आहे काय? आणि जोड तुटला तर तो आपोआप लागेल काय? तिन्हींची उत्तरे होकारार्थी मिळाली, तरच गाडी रस्त्यावर आणावी. पहिल्याच प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर ओझे निम्मे करावे, वेग आवरावा, आणि ट्रॉलीला ब्रेक बसवून घेण्याचे काम पुढच्या हंगामावर ढकलू नये.